झाडण्याची पाळी

"मनुष्यजातीचा सगळा इतिहास म्हणजे शेवटी निवाऱ्याचा शोध," ओटमार मास्तर गंभीरपणे म्हणाले. "गुहा, किल्ले, राजवाडे, साम्राज्यं... सगळं त्यातूनच आलं."

"आलं असेल," इर्मगार्ड म्हणाली. "पण तुमची फाइल माझ्या बरगडीत घुसतेय."

मास्तरांनी फाइल काखेत मारली. ट्युबिंगन शहराच्या जुन्या भागातल्या एका चारशे वर्षांच्या घरात, चौथ्या मजल्यावरच्या बंद दाराशी ती दोघं उभी होती. आत दोन खोल्या भाड्याने द्यायच्या होत्या आणि त्या घ्यायला आलेली चाळीस माणसं जिनाभर, थेट खाली रस्त्यापर्यंत लागली होती. प्रत्येकाच्या फाइलीत पगाराचा दाखला, आधीच्या घरमालकाचं प्रशस्तिपत्र आणि स्वतःचा हसरा फोटो. मुलगी दाखवायचाच कार्यक्रम. फक्त पोहे नव्हते, आणि नकार कळवायची रीतही नव्हती.

इर्मगार्डचं हे तेविसावं घर. वय एकोणसाठ. इस्पितळाच्या धुलाईखान्यात दिवसभर उभं राहून पाय सुजलेले. राहतं घर महिनाअखेरीस खाली करायचं होतं. मालकाच्या लेकीला तिथे संसार थाटायचा होता. आज मात्र नशिबानं तिच्याकडे थोडी मान वळवली होती. आत गेलेलं जोडपं बाहेर आलं की इर्मगार्डचाच नंबर होता.

दाराच्या मुठीला लाकडी पाटी लटकत होती: 'या आठवड्यात झाडण्याची पाळी'. ज्याच्या दाराला पाटी, त्यानं अख्खा जिना झाडायचा. शनिवारी पाटी शेजाऱ्याच्या दारावर. या मुलखातले राजे गेले, पाटी राहिली. रिकाम्या घरालाही तिच्यातून सुटका नव्हती.

पाटीवरून इर्मगार्डची नजर निघाली ती जिन्यावर गेली. चाळीस जोड बुटांनी फेब्रुवारीचा बर्फ, खडी आणि चिखल घरात आणला होता. कोपऱ्यात झाडू उभा होता.

"बघू नका तिकडे," मास्तर म्हणाले.

"बघत नाहीये."

"हात शिवशिवतायत तुमचे."

"घरमालकीण बाहेर येऊन हे बघेल, तर काय म्हणेल? दाराशी उभ्या असलेल्या बाईला डोळे नव्हते का? आणि तेच झाडलेलं दिसलं, तर..."

पुढचं तिनं गिळलं. बावीस नकारांनंतर माणूस मनातली आशासुद्धा मोठ्यानं बोलत नाही.

"माझी जागा धराल?"

"धरतो की. एकतीस घरं बघितलीत मी. जागा धरण्यात माझा हात कुणी धरणार नाही."

जिना वरून खाली झाडतात. हे तिला आईनं शिकवलं होतं, आईला तिच्या आईनं. आणि एकदा हातात घेतला की मध्ये सोडत नाहीत. "पाय उचला. अहो दाढीवाले, तुम्हीसुद्धा." उभं राहून कंटाळलेली माणसं कुरकुरत एकेक पाय उचलत होती.

"काकू, तुम्ही इथेच राहता का?" तिसऱ्या मजल्यावर एका विद्यार्थिनीनं विचारलं.

"अजून नाही," इर्मगार्ड म्हणाली. त्या 'अजून'नं तिला स्वतःलाच जरा ऊब आली.

ती पहिल्या मजल्यावर पोचली, तेव्हा वरचं दार उघडलं. जोडपं तोंड पाडून बाहेर आलं, आणि मागून घरमालकीण हेगेलेबाईंचा आवाज चारी मजले उतरला. "पुढे कोण?"

"बाई!" मास्तर कठड्यावरून वाकून ओरडले. "तुमचा नंबर लागला! या वर!"

इर्मगार्डनं खाली बघितलं. सतरा पायऱ्या उरल्या होत्या. न झाडलेल्या जिन्याचा दोष कुणा एकाचा नसतो. अर्धवट झाडलेल्याचा असतो.

"तुम्ही व्हा पुढे! माझ्या सतराच राहिल्यात!"

वर दार लागल्याचं ऐकू आलं.

शेवटची पायरी झाडून ती उंबऱ्याबाहेर आली, आणि मागोमाग सगळी रांगच जिना उतरून येऊ लागली, स्वच्छ पायऱ्यांवर पुन्हा बूट उमटवत. "गेलं," कुणीतरी म्हणालं. सगळ्यांत शेवटी मास्तर आले. त्यांच्या हातात किल्ली होती.

"जागा तुमचीच धरली होती मी," ते स्वतःच्या बुटांकडे बघत म्हणाले. "तुमचं नावही सांगितलं. एवढा सुरेख जिना झाडतंय कोण, म्हणून त्यांनीच विचारलं."

"मग?"

"म्हणाल्या, इतकी टापटिपीची बाई घरात आणली, तर मी टाकून बोलू कुणाला? मग मला विचारलं, तुम्हाला झाडता येतं का. एकतिसाव्या घरानंतर, बाई, खोटं बोलायचंही त्राण उरत नाही. म्हटलं, नाही येत. त्यांनी किल्लीच हातात ठेवली."

दारासमोरच्या फुटपाथवर रांगेनं तुडवलेला बर्फ काळा झाला होता. पाळीत जिन्याबरोबर फुटपाथही येतो. इर्मगार्डचे हात आपसूक चालू लागले.

वर चौथ्या मजल्यावरची खिडकी उघडली.

"मास्तर! परक्या बाईला काय राबवताय? पाळी तुमची आहे ना?" हेगेलेबाईंच्या आवाजात आनंद मावत नव्हता.

मास्तरांनी किल्ली खिशात टाकली, घसा खाकरला आणि दोन पावलं पुढे आले.

"बाई," ते अगदी हळू म्हणाले, "तेवढा झाडू देता का?"