शेवग्याखालची निळी बाटली

परीक्षक बाईंनी निळी बाटली उचलून खिडकीकडे धरली, तेव्हा कानिफनाथनं टेबलाची कड घट्ट पकडली.

"ही जमिनीतून निघालेली?" त्यांनी विचारलं. निकिता त्यांचं नाव. वय कानिफनाथच्या लेकीएवढं. पुण्याहून आल्या होत्या.

"व्हय. आमच्या अंगणातून. मंडळीनं, मनकर्णानं खणून काढली."

त्यांनी बाटलीत बोट घालून आतली काच चाचपली आणि पुढची बाटली घेतली.

मंगल कार्यालयात वीस-बावीस टेबलं मांडली होती. शाईच्या दौती, गोळीसोड्याच्या बाटल्या, अत्तराच्या कुप्या. नगरच्या जुन्या बाटल्यांच्या मंडळाचं हे सहावं प्रदर्शन. मधलं टेबल यंदा मनकर्णाच्या नावाचं होतं. तिचा हार घातलेला फोटो आणि एकेचाळीस बाटल्या. वर पाटी : 'कै. मनकर्णाबाई यांनी स्वतः खणून काढलेला संग्रह.' मंडळाचे अध्यक्ष महमूदभाई यांनी ती पाटी हौसेनं रंगवून आणली होती.

त्या एकेचाळीसपैकी एकही बाटली मुळात त्या अंगणातली नव्हती. सगळ्या कानिफनाथनं पुरलेल्या.

चार वर्षांपूर्वी लेक सृष्टी लग्न होऊन पाथर्डीला गेली आणि घर गप्प झालं. नागापूरची कंपनी बंद झाल्यानं तोही घरातच पडून. मनकर्णा दिवसभर अंगणात खणत बसायची. आळं करायची, परत मोडायची. बाई मनातून खचली, असं त्याला वाटलं. एका पहाटे त्यानं माळ्यावरची जुनी औषधाची बाटली तुळशीमागं पुरली. ती निघाली तेव्हा मनकर्णा केवढ्यानं ओरडली!

"अवो, हे बघा काय घावलं!"

तिथून ते चालू झालं. एक बाटली निघाली की ती पुढचीचं नाव काढायची. "आता हिरवी घावली पायजे." "गोळीची घावंल का वो?" मग तो भंगारवाल्यांकडे, जुन्या बाजारात हिंडायचा. बाटल्या धुवायचं काम त्याच्याकडं. तिच्या हातानं म्हणे फुटायच्या. मंडळाच्या बैठकीलाही त्यालाच जावं लागे. "मला लोकांत बोलता येत न्हाई, तुमीच जावा."

शेवटच्या आजारात ती म्हणाली, "एक निळी घावली असती तर." त्यासाठी तो एसटीनं नेवाशाला गेला. मनकर्णानं पाटावर बसून, उलथन्यानं उकरून ती शेवग्याखालून काढली. दीड महिन्यानं ती गेली.

"कानिफराव, जरा इकडं या." महमूदभाईंचा आवाज नेहमीचा नव्हता.

निकिताबाई हळू बोलल्या. "काका, वर्षानुवर्षं मातीत राहिलेली काच आतून पांढरट होते. धुऊन ते जात नाही. यातली एकही बाटली तशी नाही. आठवडाभरसुद्धा मातीत राहिल्या नसतील."

"मंडळाचा नियम तुम्हाला ठाऊक हाय," महमूदभाई म्हणाले. "खोटी नोंद निघाली तर माइकवरून सांगावं लागतं. भाभींचं नाव असं माझ्या तोंडून घेववंल का? काहीतरी बोला ना भाई!"

कानिफनाथनं गप्प बसावं तर मनकर्णा लबाड ठरणार होती. खरं सांगावं तर अख्खा हॉल म्हणणार, नवऱ्यानं बाईला चार वर्षं येडं बनवलं. शेजारच्या टेबलावरचा हर्षल आत्ताच कान टवकारून उभा होता. मेलेल्या माणसाला तर स्वतःची बाजूही सांगता येत नाही.

"खणल्याची वही असेल ना?" निकिताबाईंनी विचारलं. "जागा, तारीख, खोली. ते जुळलं तर पुन्हा विचार करता येईल."

वही होती. दर बाटलीमागं मनकर्णा काहीतरी लिहायची. ती गेल्यापासून तिचं अक्षर त्याला बघवत नव्हतं, म्हणून न उघडताच त्यानं ती पिशवीत टाकून आणली होती. आत काय असणार? भोळी सगळं खरं मानून लिहीत बसली असेल. आता लोक ते वाचून हसतील.

त्यानं वही दिली. दुसरं काही त्याच्या हातात नव्हतं.

निकिताबाईंनी पहिलं पान वाचलं. मग शेवटचं. महमूदभाई वाकून बघायला लागले, तसा त्यांनी वहीवर हात ठेवला.

"काका, हे तुम्हीच वाचा."

पहिल्या पानावर होतं : 'तुळशीमागं, वीतभर खोल. कंपनी बंद पडल्यापासून हे खाटेवरून उठत नव्हते. आज पहाटे उठून गुपचूप बाटली पुरली. मी मुद्दाम ओरडले. हे हसले. दोन भाकरी खाल्ल्या. मला बाटल्यांचं काय करायचंय, पण आता रोज खणीन.'

आणि शेवटच्या पानावर, वाकड्यातिकड्या अक्षरात : 'शेवग्याखाली. निळी. नेवाशाला एकटे जाऊन आले. आता माझ्यामागं जमंल त्यांना.'