फिल्टरची तपासणी

निलंग्यातल्या आमच्या कॉलेजचा मेल सर्व्हर मीच सांभाळते. होस्टेलच्या जेवणात अळ्या निघतात म्हणून मुली रेक्टरबाईंविरुद्ध थेट विश्वस्तांना मेल करू लागल्या. लगेच सचिव आप्पासाहेबांचा मला मेल आला : "ज्या मेलमध्ये 'रेक्टर' दिसंल, तो विश्वस्तांपर्यंत जाऊ देऊ नको. सरळ स्पॅममध्ये टाक."

रेक्टरबाई म्हणजे आप्पासाहेबांची सख्खी मेहुणी.

दुपारी त्यांनी केबिनमध्ये बोलावलं. "हुमा, लावला का फिल्टर? नीट चालायलाय ना?"

"तपासून बघितलं, सर. तुमच्या मेलमध्ये तो शब्द होताच. तोच सगळ्या विश्वस्तांना पाठवून बघितला."

आप्पासाहेब खुर्चीतून उठलेच. "मग? अडकला ना?"

"न्हाई, सर. सगळ्यांना पोचला."