परित्राणाचा दोरा

सुकदेव दारातच, चपलांच्या ढिगापाशी टेकला. चंद्रभागेनं मानेनंच त्याला आत बोलावलं, विकासच्या पलीकडे बसवलं. भंतेजींपुढच्या पाण्याच्या कलशातून निघालेला पांढरा दोरा एकेकाच्या हातातून पुढे सरकत होता. तो चंद्रभागेकडून तिच्या धाकट्या पोराकडे, विकासकडे आला, आणि विकासच्या हातून सुकदेवच्या हातात गेला. रक्षणासाठी म्हणायचा परित्राण पाठ सुरू झाला. आता पाठ संपेस्तोवर दोरा कुणी सोडायचा नव्हता.

थोरल्या पोराच्या, धम्मरत्नच्या यंदाच्या पुण्यानुमोदनाला बाईनं त्याच्या खुन्यालाच बोलावलं, म्हणून अख्खी डिंडोली वस्ती तिचे गुण गात होती. दोघं कापड विणायच्या एकाच लूमखात्यात शेजारी शेजारी मशिनं चालवायचे, सुकदेव तर या घरात कितीदा जेवून गेलेला. एका पाळीला कशावरून तरी जुंपली, सुकदेवनं डोक्यात गज घातला आणि धम्मरत्न पुन्हा उठला नाही. शिक्षा भोगून सुकदेव दिवाळीत सुटला.

मोठं मन कसलं डोंबलाचं! स्वयंपाकघराच्या दारामागं चंद्रभागेनं तसलाच एक गज उभा करून ठेवला होता. विकासला बजावून ठेवलं होतं, "पाठ झाला की लगेच. तोवर हूं का चूं करायचं नाही." पोरगं शाळेत जायचं तेव्हापासून ती त्याला भावाचा सूड घ्यायचा, हेच भरवत आली होती. जेवायला वाढताना तेच, निजताना तेच.

ती डोळे मिटून बसली. बोटांतला दोरा थरथरत होता, थांबायचं नाव घेत नव्हता. घाबरलास ना मेल्या, ती मनात म्हणाली. तिला बरं वाटलं. किती वर्षांनी असं बरं वाटत होतं.

तिनं हळूच डोळे उघडले. सुकदेव मान खाली घालून बसला होता. त्याचे हात जागच्या जागी होते. थरथर विकासच्या हातांची होती. त्याचे ओठ पांढरे पडले होते आणि नजर स्वयंपाकघराच्या दाराला चिकटली होती.

पाठ संपला. भंतेजी दोऱ्याचे तुकडे करून मनगटांना बांधायला लागले. सुकदेव चंद्रभागेपुढं येऊन वाकला. "मावशी," एवढंच म्हणाला. तेवढ्यात विकास उठला आणि आत वळला.

चंद्रभागेनं झेप घेऊन त्याचं मनगट धरलं. ते गार पडलेलं होतं.

"सोड आई. तूच सांगितलं होतंस ना?"

"मीच सांगितलं होतं," ती म्हणाली, पण मनगट सोडलं नाही. "ह्यानं माझं एक पोर मारलं. दुसरं मी मारायला निघाले होते."