सरांचा डाव

धर्मराज सरांनी बदामाची दुर्री आपटली आणि किलवरची दश्शी आपल्याकडे ओढली. हुकूम बदामाचा होता.

"तिसरी मेंढी," ते म्हणाले. "ध्यानात ठेवा, ठेवता येत असेल तर."

मेंढीकोटात दश्शीला मेंढी म्हणतात. चारही मेंढ्या ज्या जोडीने नेल्या, तिने समोरच्यांवर कोट चढवला. राजूरला शांतिलाल शेठच्या दुकानाच्या ओट्यावर हा कोट रोज चढायचा, आणि चढवायचे सर. त्यांचा जोडीदार कारभारी नुसता पत्ते धरायला. मेंढीकोट हा काही डोकेबाज माणसाचा खेळ नव्हे, हे सरांना ठाऊक होतं. पण या गावात बुद्धिबळाला बसवणार कोणाला?

भोकरदनला सारी हयात त्यांनी गणित शिकवलं होतं. निवृत्त झाल्यावरही डोक्याला एक दिवस सुट्टी दिली नव्हती. सकाळी सुडोकू, मग एकोणतीसचा पाढा उलटा, मग ओट्यावर येऊन या मंडळींना धूळ चारायची. थोरल्या भावाने शेवटी शेवटी पोटच्या पोराला "पाव्हणं कुठलं म्हणायचं?" असं विचारलं होतं. ते सरांनी कोपऱ्यात उभं राहून ऐकलं होतं. तसं आपलं होऊ द्यायचं नाही, एवढं एकच त्यांना या वयात हवं होतं.

आणि या लोकांना त्याची फिकीरही नव्हती. कारभारी जन्मभर बैलांशी बोलला, आता ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याची गाडी कोणती ते बघायचा. शेठनी दुकान पोराच्या हवाली केलं आणि त्याबरोबर अक्कलही देऊन टाकली असावी. जन्म गेला पत्ते कुटण्यात, तरी रोज हरायचे आणि हरून हसायचे. सरांना त्या हसण्याची चीड यायची. माणसाला हरल्याची लाजसुद्धा वाटेनाशी झाली की मेंदू मेलाच समजा, असं ते घरी बायकोला, उषाबाईंना सांगायचे. उषाबाई भाजी निवडत राहायच्या. त्यांच्याकडून तरी काय अपेक्षा करणार.

आज सर आले तेव्हा शेठनी राम राम घातला, पण वर पाहिलं नाही. कालचा कोट अंगाला लागला असेल, सरांनी मनात म्हटलं. उशिरा का होईना, लाज वाटली. शेठचा नेहमीचा जोडीदार राजानंद डोळ्याच्या ऑपरेशनसाठी संभाजीनगरला गेला होता. त्याच्या जागी शेठचे व्याही नेमीचंद बसले होते. ते जालन्याहून गणपतीच्या दर्शनाला आलेले. पांढरा सफारी, दोन अंगठ्या. आणखी एक ठोंब्या, सरांनी ठरवून टाकलं.

डाव पुढे सरकला. दोन हात झाले. मग कारभारीने चौकटचा राजा टाकला, नेमीचंदनी चौकटची नव्वी दिली, आणि सरांनी हातातली नको असलेली किलवरची राणी फेकली.

नेमीचंदनी हात आडवा घातला.

"सर, मघाशी किलवर चालू होती तवा तुम्ही हुकमानं कापलं."

"कापलं. नव्हती माझ्याकडे किलवर."

"मंग ही राणी?"

कारभारी घाईने म्हणाला, "पाव्हणं, खेळा बरं तुम्ही. आमच्या ओट्यावर चालतं."

"असं कसं चालंन? पत्ता असून कापलं म्हणजे डाव गेला. आमच्याकडे जालन्यात बिलकुल चालत न्हाई."

"व्याहीबुवा, ऱ्हाऊ द्या," शेठ खाली बघत म्हणाले.

सर संतापले. गणिताच्या मास्तरला लबाड ठरवायला निघाला होता हा अंगठीवाला. त्यांनी स्वतःच्याच हाताने आपल्या ढिगातला तो हात उलटा केला. किलवरचा एक्का, किलवरची सत्ती, किलवरची दश्शी, आणि त्यावर त्यांची बदामाची दुर्री. राणी तेव्हा कुठे होती? ती त्यांच्याच हातात होती. तेरा पत्ते धरले होते, ती त्यांतच कुठेतरी होती, आणि ती त्यांना दिसली नव्हती. दिसली असेल तर आठवत नव्हती.

त्यांनी कारभारीकडे पाहिलं. कारभारी रस्त्याकडे बघत होता. शेठनी उपरण्याने चष्मा पुसायला घेतला. एकट्या नेमीचंदच्याच तोंडावर आश्चर्य होतं. म्हणजे बाकीच्यांना हे नवीन नव्हतं. ज्यांना आपण रोज ठोंबे म्हणतो ते डोळे उघडे ठेवून हरत होते, समजून उमजून मेंढ्या सोडत होते, आणि आपण घरी जाऊन छाती फुगवत होतो. ओट्यावरच्या सगळ्यात मठ्ठ माणसाची त्यांना कधी आली नव्हती इतकी किळस आता स्वतःची आली.

"कारभारी," ते हळू म्हणाले, "किती दिवसांपासून चाललंय हे?"

कारभारीने सगळ्यांचे पत्ते गोळा केले. नेमीचंदच्या हातातले मागून घेतले. गड्डी पिसली, नीट ठोकली, आणि वाटायचा मान सरांचा म्हणून त्यांच्यासमोर ठेवली.

"सर," तो म्हणाला, "कालबी तुम्ही हेच इचारलं व्हतं."