ओळखल्याशिवाय बिल्ला नाही

"नाव सांगू नकोस, मीच ओळखते," दारातल्या टेबलामागून शालन प्रत्येकाला बजावत होती. मॅट्रिकनंतर पन्नास वर्षांनी आमचा वर्ग भेटत होता आणि ओळख पटल्याशिवाय ती कुणालाच बिल्ला देत नव्हती.

तरी रांग भराभर सरकत होती. "घाटपांड्या, हसलास आणि सापडलास!" ती म्हणाली. हिला एवढं आठवतं कसं, याचं मला नवल वाटत होतं. मी तर वर्गात कधी तोंडही उघडलं नव्हतं.

माझ्याकडे तिने चष्मा पुसून पाहिलं. "नाही बाई लक्षात येत."

"असू दे," म्हणत मी फाटकाकडे निघालो.

"अरे थांब, वैशंपायन!" ती ओरडली. "शाळा सुटली की रोज हीच पाठ दिसायची. तेव्हा हाक मारायचा धीर झाला नाही."