घुबडाचा शेजार

हादनेने आपल्या रेनडिअरांची गाडी डावीकडे वळवली, तेव्हा मागून दीर ओरडला, "वहिनी, तिकडे कुठं? माझा तंबू इकडं आहे!"

तिने मागे पाहिले नाही. नवऱ्याला जाऊन एक हिवाळा उलटला होता. तेवढ्या काळात धाकट्या दिराने, याबकोने, तिच्या रक्षणाचे कर्तव्य इतक्या तळमळीने पार पाडले होते की तिच्या निम्म्या कळपाच्या कानांवर त्याच्या मालकीची खूण आली होती. उरलेल्या कळपाचे आणि खुद्द तिचे रक्षण आज उन्हाळी तळावर व्हायचे होते. विधवेने दिराच्या तंबूत जावे, अशी रीत होती. आणि रीत ज्याच्या सोयीची असते, त्यालाच ती तोंडपाठ असते. हादनेला आपला तंबू आपल्या हाताने उभारायचा होता. बाकी काही नाही.

वाटेतल्या टेकाडावर पांढऱ्या घुबडाने घरटे केले होते. गेल्या उन्हाळ्यात लेमिंग उंदीर नव्हते. म्हणून घुबड फिरकले नाही, आणि कोल्ह्याने हंसांचे एकही अंडे शिल्लक ठेवले नाही. यंदा उंदीर मातले होते. सारी टुंड्रा पक्ष्यांच्या कलकलाटाने भरून वाहत होती. घुबडाच्या घरट्याला अगदी खेटून हंसिणी अंड्यांवर बसल्या होत्या. कोल्हा आला. घुबडाने त्याच्या पाठीवर झेप घेतली. कोल्हा शेपूट घालून पळाला, आणि हंसिणींनी मानसुद्धा वळवली नाही. घुबडावर त्यांचे प्रेम होते, असे मानायला आधार नाही. एखादे पिल्लू ते अधूनमधून उचलतही असेल.

हादने खदखदून हसली. नवरा गेल्यापासून पहिल्यांदाच. मग तिने गाडी हाकली ती थेट सासूच्या तंबूकडे.

सासू पुदाने तळापासून लांब, एकटी राहत असे. तिच्या जिभेला भिऊन कुत्रीसुद्धा तिच्या तंबूला वळसा घालत. हादनेने तिच्या दाराशेजारीच पहिला खांब उभा केला.

"डोळे फुटले का गं? एवढ्या रानात माझंच दार सापडलं?"

"हो, सासूबाई."

एवढ्यात याबको येऊन पोचला. त्याने फास फेकला. तो हादनेच्या म्होरक्या रेनडिअरच्या शिंगांत अडकला आणि दोरी जमिनीलगत ताणली गेली.

"आई, तू मध्ये पडू नकोस. बाईमाणसाला असं उघड्यावर सोडायचं का?"

बाईने फासावरून पाय टाकला की तो विटाळतो आणि पुन्हा त्यात एकही जनावर सापडत नाही, असे त्या मुलखातल्या शूर पुरुषांचे अढळ मत आहे. त्या मताच्या सन्मानार्थ तिथल्या बायका जन्मभर दोऱ्यांना वळसा घालून चालतात.

पुदानेने दोरीकडे पाहिले, मग मुलाकडे. "माझ्या म्हाताऱ्या पायांत आता विटाळ उरला नाही. हादने, तू तरणी आहेस. उचल पाय."

हादनेने पाय उचलला आणि दोरीवर अधांतरी धरला.

"वहिनी, नको!" याबकोचा आवाज चिरकला. "आजोबांचा फास आहे तो!"

"मग सोडा तो. आणि माझी बाकीची जनावरंही आणून द्या, भावोजी. लवकर. पाय भरून आलाय माझा."

याबकोने फास सोडवला, छातीशी धरला आणि जनावरे आणायला अक्षरशः धावत सुटला. हादने मटकन खाली बसली. दोघी हसत सुटल्या. म्हातारीच्या डोळ्यांतून पाणी आले. हसू ओसरल्यावर तिने सुनेपुढे ताजा मासा ठेवला, आणि अर्थातच तो खाण्याच्या पद्धतीवरून तिला दोन शिव्या हासडल्या.

"सासूबाई," हादने तोंड पुसत म्हणाली, "एवढं तिखट बोलायला शिकलात तरी कुठं?"

पुदानेने माशाचा चांगला तुकडा निवडून तिच्याकडे सरकवला.

"माझा नवरा गेला, तेव्हा मलाही एक दीर होता," ती म्हणाली. "आणि तेव्हा मी फार गोड बोलायचे गं."