उसनी ऊब

हाजी बयूमींनी स्वतःहून चहा पुढे केला, तेव्हाच इन्शिराहच्या मनात पाल चुकचुकली. गावाची अंडी यंत्रात उबवून देणारा हा माणूस एरवी गिऱ्हाइकाला साधं 'बस' म्हणत नसे. आज चहात साखरही सढळ हाताने होती.

"चहा राहू दे हाजी. माझी अंडी दाखवा."

"अगं हिलालची आई, पाच दिवसांत पिल्लंच हातात घेशील. मध्येच यंत्राचं दार उघडलं की ऊब जाते."

"यंत्र चालू आहे?"

"जनरेटरवर. आत्ताच बंद केला. त्यालाही दम खाऊ द्यावा लागतो."

वीज रोज दोन तास जाणार, असं जाहीर झालं होतं. त्या दोनाचे पाच कधी झाले ते कुणी जाहीर केलं नाही. सरत्या हिवाळ्यातल्या अमशीर महिन्याचा बोचरा वारा पत्र्याच्या फटींतून आत घुसत होता. इन्शिराह उठली, बाहेर गेली आणि जनरेटरवर तळहात ठेवून परत आली.

"दम खातोय म्हणे! हा तर मेलेल्या म्हशीसारखा गार पडलाय."

"मग डिझेल कुठनं आणू? पंपावर महिनाभर 'नाही'ची पाटी आहे. माझं रक्त ओतू त्यात?"

तिची बदकाची शंभर अंडी होती. हिवाळाभर घरात एकही फोडलं नव्हतं. हिलाल ताटावरून रुसून उठला, तरी नाही. ही गेली तर यंदा अंगणात एक बदक दिसणार नव्हतं, आणि बदकं नाहीत तर वर्षभर घरात दुसरं काही शिजण्याजोगंही नव्हतं.

ती हाजींना ओलांडून आतल्या खोलीत शिरली. यंत्राचं दार सताड उघडं होतं. आत एकही ट्रे नव्हता.

"विकलीत?"

"तोंड आवर. तिकडे बघ."

कोपऱ्यात एक मोठी लाकडी पेटी होती, तिच्यावर दोन जाड रजया. इन्शिराहने त्या ओढून काढल्या. वरचा ट्रे तिचाच, प्रत्येक अंड्यावर तिने ओढलेली निळी रेघ. त्याखालचा दुसऱ्या कुणाचा, लाल ठिपक्यांचा. मग पुन्हा निळा, पुन्हा लाल. तिने आपलं एक अंडं उचललं आणि डोळा मिटून पापणीवर टेकवलं. मातीच्या भट्टीत अंडी उबवणारे तिचे वडील असंच करायचे. हात फसतो, पापणी फसत नाही. अंडं नुसतं कोमट होतं. तेविसाव्या दिवशी ते चांगलं ऊन लागायला हवं. मग तिने लाल ठिपक्याचं टेकवलं. तेही तेवढंच कोमट.

"ही लाल कधी आली?"

"चार दिवस झाले."

चार दिवसांच्या अंड्याला स्वतःची ऊब कुठली? ऊब असते ती भरत आलेल्या पिल्लाच्या अंगाची. इन्शिराहला सगळं कळलं आणि तिचं डोकं भडकलं.

"माझ्या पिल्लांचं डिझेल केलंत तुम्ही!"

"केलं. तुझा बापही भरलेली अंडी कोवळ्यांना लावून ठेवायचा."

"तो खाली शेणी पेटवून ठेवायचा! उरलेली ऊब वाटायचा, पिल्लाच्या तोंडची नाही."

"आणि तू अंडी आणलीस तेव्हा?" हाजींचा आवाज चढला. "तेव्हाही डिझेल नव्हतं. पहिला आठवडा तुझी कशावर तगली, विचारलंस कधी?"

"कशावर?"

"वहीदच्या आईच्या अंड्यांवर."

वहीदची आई तिची भिंतीला भिंत लागून असलेली शेजारीण. तिच्या शंभरांतल्या चाळीस अंड्यांतूनच पिल्लं निघाली होती. तुझा बदकाचा नर म्हातारा झालाय, म्हणून अंडी फळली नाहीत, असं हाजींनी तिला सांगितलं, आणि त्या बाईने आपला एकुलता एक नर कापला. त्याच्या रश्श्याची एक वाटी इन्शिराहकडेही आली होती. हिलालने ती चाटून पुसून खाल्ली होती.

"माझाही नर म्हाताराच ठरवणार होतात ना?"

हाजींनी पेटीकडे बोट केलं.

"घेऊन जा तुझी," ते म्हणाले. "घरी भाकरीच्या भट्टीवर निजव, बरीचशी जगतील. पण मग ही लाल आजची रात्र काढणार नाहीत. कुणाची आहेत माहितीये? ही आपल्या—"

"नाव सांगू नका."

तिने घाईघाईने त्यांना तोडलं. तिने बरोबर आणलेल्या टोपलीत पेंढा पसरला आणि निळ्या रेघांची अंडी एकेक करून भरायला घेतली. लाल ठिपक्यांना हात लागू नये म्हणून ती फार जपून उचलत होती.

सगळी भरून झाल्यावर तिने दोन्ही रजया लाल ठिपक्यांवर ओढल्या, चारी कडा नीट आत खोचल्या, आणि टोपली डोक्यावर घेतली.